विमा कंपनीला मी सांगितलेल्या तिच्या गोष्टी

माझी बायको ऑकलंडला उतरली तेव्हा तिच्या बॅगेत मेतकूट, हिंग, कुळथाचं पीठ, सांडगी मिरच्या आणि तिच्या आईने शेवटच्या क्षणी कोंबलेली सुंठ एवढा ऐवज होता. यातली प्रत्येक वस्तू तिने उतरण्याआधी सरकारी डिक्लेरेशनमध्ये नोंदवली होती, कारण मी फोनवर कितीतरी दिवस तिच्यामागे तोच धोशा लावला होता. या देशात येताना सफरचंदाची एक फोडसुद्धा लपवायची नाही. शंका आली की सांगून टाकायचं. सांगितलं की कोणी रागवत नाही, लपवलं की दंड.

ती ट्रॉली ढकलत बाहेर आली तीच हसत.

"तिथल्या तपासणीवाल्या बाईने मेतकुटाचा वास घेतला आणि विचारलं, हे कुठे लावायचं? मी म्हटलं, भाताला. आणि ऐक ना, तुझ्या सांगण्यावरून मी बुटांच्या तळाला सिंहगडाची माती आहे हेपण सांगितलं. त्यांनी बूट आत नेऊन धुऊन आणून दिले. फुकट! पुण्यात कोणी दिले असते?"

मी तिला मिठी मारली आणि लगेच माफी मागितली, कारण पार्किंगमधून यायला मला उशीर झाला होता. तसा काही उशीर झाला नव्हता. पण मला अपराधी वाटायला कारण लागत नाही. मी पेनरोजमधल्या एका कारखान्यात पॅकिंगची यंत्रं सांभाळतो. यंत्र बंद पडलं की सगळे माझ्याकडे बघतात, आणि वीज गेलेली असली तरी मी सॉरी म्हणतो.

आमचं दोघांचंही हे दुसरं लग्न. दोघंही चाळिशी ओलांडलेले. एका नातेवाईक बाईंनी ओळख करून दिली, आणि मग दीड वर्ष आम्ही फोनवर बोलत राहिलो. खरं म्हणजे ती बोलायची, मी ऐकायचो. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. शाळा सुटली की रिक्षात बसून मला फोन लावायची आणि तिच्या आयुष्यातल्या लहानमोठ्या गोष्टी सांगायची. पेपर तपासताना डोकं कसं ठणकतं. सिंहगड उतरताना गुडघा कसा आखडला. पोहायला गेली आणि कानात पाणी जाऊन दोन दिवस समुद्र कसा ऐकू येत होता. रिक्षाचा आवाज, हॉर्न, मधेच "अहो दादा, डावीकडे घ्या", आणि पुन्हा गोष्ट. मी त्या गोष्टींच्या प्रेमात पडलो आणि मग तिच्या. तिच्याकडे सांगण्यासारखं इतकं होतं आणि त्यातलं ती मला सांगत होती, याचंच मला अप्रूप होतं.

माझ्यासाठी तिने नोकरी सोडली, घर सोडलं, आईला सोडलं, ही बोच मी तिच्याजवळ अनेकदा बोलून दाखवली. शेवटी ती वैतागली.

"हे बघ, मी काही बळी द्यायला आणलेली बकरी नाही. मला दहावीच्या पेपरांचा कंटाळा आला होता आणि तू मला आवडलास. आता चहा कर."

माउंट वेलिंग्टनला आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर आहे. पहिले काही महिने आनंदाचेच गेले. ती कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला म्हणून जायची आणि दुकानदारीणबाईंच्या मुलाला आम्ल आणि अल्कली समजावून परत यायची. थंडीतसुद्धा जँडल्स, म्हणजे अंगठ्याच्या रबरी चपला, घालून फिरणाऱ्या लोकांकडे बघून तिला हुडहुडी भरायची, आणि पुढच्या महिन्यात तीच जँडल्स घालून कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला जायची.

तिच्या व्हिसाची गोष्ट अशी होती. मी इथला रेसिडेंट. ती माझी जोडीदार म्हणून आलेली. आम्ही एका छपराखाली वर्षभर राहिलो की मग तिच्या रेसिडेन्सीचा अर्ज भरायचा, आणि तोवर हातात होता तो थोड्या मुदतीचा व्हिसा. त्या काळात सरकारी दवाखान्यातले फुकट उपचार मला होते, तिला नव्हते. अपघात झाला तर मात्र सरकार सगळ्यांनाच बघतं, अगदी फिरायला आलेल्या पाहुण्यालासुद्धा. आजारपण आलं तर तुमचं तुम्ही बघा.

मागच्या गल्लीत माझा एक मित्र राहतो. त्याचे वडील कोथरूडहून सहा-सहा महिने इथे येऊन राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. काकांनी आयुष्यभर विमा विकला, त्यामुळे या विषयावर त्यांना मत असतंच.

"म्हणजे इथे आजारी पडायचं नाही, नुसतं पडायचं," ते म्हणाले. मग माझ्या बायकोकडे वळून, "बाळ, काही दुखलंखुपलं तर आधी जिन्यावरून घसर, मग ओरड."

"काका, आमच्या घराला जिना नाही."

"आमचा वापर. आपलाच समज."

असं सगळं हसण्यावारी जात होतं, पण विमा काढायला हवा हे मला कळत होतं. रेसिडेन्सीची वाट बघणाऱ्यांसाठी विमा देणारी एक कंपनी मी शोधली. एका शनिवारी सकाळी त्यांच्याकडून फोन आला. बायकोने सुरुवातीला स्वतःचं नाव सांगितलं, माझ्या वतीने नवरा बोलेल असं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"तूच बोल. ते इतकं भरभर बोलतात, मला अर्धं कळत नाही. कणीक भिजवून ठेवलीय, मी पोळ्या करते."

मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेलो. पलीकडची मुलगी गोड आवाजाची होती. तिने विचारलं, तुमच्या पत्नीला पूर्वी कधी काही आजार, दुखणं, कसलं लक्षण? मला त्या क्षणी विमानतळ आठवला. शंका आली की सांगून टाकायचं. मी सांगायला लागलो.

डोकं सांगितलं. गुडघा सांगितला. कान सांगितला. शाळेत कपाट सरकवताना एकदा पाठीत उसण भरली होती, ती सांगितली. मामेभावाच्या लग्नात पोटात इतक्या कळा आल्या होत्या की रात्री डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं, हेही तिने मला कधीतरी रिक्षातून सांगितलं होतं. तेही दिलं. ती मुलगी टाइप करत होती, मधेमधे इथल्या पद्धतीने "स्वीट ॲज", म्हणजे छानच, म्हणत होती, आणि मला प्रत्येक वेळी शाबासकी मिळाल्यासारखं वाटत होतं. शेवटी तिने विचारलं, हृदयाचं काही? मी थांबलो. मग म्हणालो, एकदा धडधड झाली होती. रात्रभर झोप आली नव्हती.

स्वयंपाकघरातून पोळीचा खरपूस वास येत होता. मी फोन ठेवला तेव्हा मला हलकं वाटत होतं. माझ्या लेखी मी बायकोचं रक्षण केलं होतं.

काही दिवसांनी पॉलिसी आली. कशाकशाचा खर्च मिळणार नाही ते तिने जेवायच्या टेबलाशी बसून मोठ्याने वाचायला घेतलं.

"पाठ नाही. गुडघा नाही. डोकं नाही. कान... कानसुद्धा? पोट आणि पचनसंस्था नाही." तिने कपाळाला हात लावला. "अरे, तू माझ्या एकेका अवयवावर फुली मारून आलास! उरलं काय माझं?"

"नखं आहेत बहुतेक," मी म्हणालो.

"आणि केस. केसांना काही झालं तर अगदी थाटात ॲडमिट होईन मी." ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो. मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली. "हृदय नाही. हृदयाचं काय सांगितलंस तू?"

मी सांगितलं. आमची पहिल्यांदा प्रत्यक्ष भेट व्हायची होती त्याच्या आदल्या रात्री तिला झोप लागली नव्हती, छातीत धडधडत होतं, असं तिने मला लग्न ठरल्यावर एकदा लाजत सांगितलं होतं. तेच मी कळवलं होतं.

तिचं हसू गेलं. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "ते मी तुला सांगितलं होतं रे. तुला."

मी माफी मागितली. बऱ्याच वेळा मागितली. ती म्हणाली, पुरे. पण त्यानंतर तिच्या गोष्टी थोड्या कमी झाल्यासारख्या मला वाटायला लागल्या.

काकांना हा प्रकार कळला तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "अरे, देवासमोरसुद्धा माणूस इतकं कबूल करत नाही! त्या कंपनीने विचारलं काय आणि तू सांगितलंस काय! माझ्या कारकिर्दीत असं गिऱ्हाईक मला भेटलं असतं तर मी त्याच्या पाया पडून त्याला गप्प केलं असतं."

गुढीपाडव्याला इथल्या मराठी मंडळींनी एका शाळेच्या हॉलमध्ये जेवण ठेवलं होतं. पुरणपोळ्या, कटाची आमटी, भजी. तुपाची धार धरणारे हात सढळ होते. त्यानंतरच्या आठवड्यात मला दिसायला लागलं की ती जेवताना घास चिवडते आहे, उजवा हात बरगडीखाली दाबून धरते आहे. विचारलं तर म्हणायची, काही नाही. एकदा मी कामावरून लवकर आलो तर ती ओट्याला टेकून वाकलेली होती. चेहरा पांढरा पडला होता.

"किती दिवस?" मी विचारलं.

"पाडव्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. "तुला सांगितलं की तू सगळ्यांना सांगतोस. आणि पोटावर तर फुली आहेच. सांगून काय होणार होतं? म्हटलं अंगावर काढू."

हे वाक्य मला जेवढं लागलं तेवढं माझ्या आयुष्यात क्वचित काही लागलं असेल. मी तिला गाडीत घातलं आणि दवाखान्यात घेऊन गेलो. पैसे भरले, सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे होते. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की आज-उद्या काही होणार नाही, पण पुन्हा पुन्हा कळा येणार, आणि ताप येण्याची वाट बघत बसू नका. काही आठवड्यांत पित्ताशय काढून टाका. साधं ऑपरेशन आहे. खाजगीत खर्च बराच येईल.

पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. "सरळ इकडे ये. इथे सगळे ओळखीचे आहेत, मी आहे. बरी झालीस की जा परत." काका म्हणाले, जा. माझा मित्र म्हणाला, जा. कारखान्यात चहाच्या वेळी ज्याला ज्याला सांगितलं तो तेच म्हणाला. आणि चुकीचं कोणीच बोलत नव्हतं. फक्त ती वर्ष पुरं व्हायच्या आत इतके आठवडे बाहेर गेली तर आमच्या एकत्र राहण्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल का, आणि तिचा व्हिसा परत यायला चालेल का, याचं उत्तर प्रत्येक जण वेगळं देत होता.

ती नुसतं ऐकून घ्यायची. एका रविवारी आम्ही पानम्युरच्या पाण्याकाठी चालायला गेलो होतो. लोक कुत्री घेऊन फिरत होते, मुलं स्कूटर पळवत होती. एका बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "माझं पहिलं लग्न कसं मोडलं तुला माहितीय?"

मला ढोबळ माहिती होती.

"मोडलं वगैरे काही नाही. मला कावीळ झाली होती. सासूबाई म्हणाल्या, थोडे दिवस आईकडे जा, बरी झालीस की ये. मी बॅग भरून गेले. बरी झाले. कोणी न्यायला आलं नाही, मी पण गेले नाही. भांडण नाही, काही नाही. थोडे दिवस तसेच लांबत गेले." तिने पायातली जँडल काढून त्यातला खडा झटकला. "तू तसा नाहीस, मला कळतं. पण मला पुन्हा आजारी पडून आईकडे जायचं नाहीये. एवढंच."

मी तिला विचारलं, "काविळीचं मला आधी का नाही सांगितलंस?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "नशीब नाही सांगितलं! यकृतही गेलं असतं."

मग स्वतःच म्हणाली, "पण ते त्यांना सांगायला हवं. मी सांगेन. माझं मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून विमा कंपनीला फोन केला. या वेळी बोलत होती ती. माझं काम फोन धरायचं. क्लेम बघणारी एक पोक्त बाई भेटली. "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करून तिने शांतपणे सगळं ऐकलं, काविळीसकट. कावीळ कशाने झाली होती, दूषित पाण्याने, हे ऐकून ती म्हणाली, त्याचा या खड्यांशी संबंध नाही. अडचण आहे ती त्या जुन्या पोटदुखीची. लग्नात कळा आल्या, रात्री डॉक्टर घरी आले, असं तुमच्या नवऱ्याने सांगितलंय. ते खड्यांचंच दुखणं असेल तर आम्हाला काही करता येणार नाही. नसेल तर ज्यांनी तेव्हा तपासलं त्या डॉक्टरांचं म्हणणं मिळवा, आम्ही पुन्हा विचार करू.

ज्यांनी तपासलं ते तिचे पुण्याचे फॅमिली डॉक्टर. वय ऐंशीच्या घरात, दवाखाना अजून चालू. तिने त्यांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग कान, मग एकदाचा चेहरा.

"डॉक्टर, माझे जुने केसपेपर आहेत का हो तुमच्याकडे?"

"केसपेपर? माझे केसपेपर इथे असतात." त्यांनी टकलावर बोट टेकवलं. "काय झालंय तुला? जीभ दाखव."

"डॉक्टर, जीभ नको. इथल्या विमा कंपनीला तुमचं पत्र हवंय."

"ज्या माणसाला मी बघितलं नाही त्याला पत्र कसं लिहू? काय विचारायचंय ते मला विचारू दे की त्याला. लाव फोन."

"ती बाई आहे."

"मग तर लावच."

क्लेमवाल्या बाईंना हे सांगताना मी अर्धमेला झालो होतो, पण त्या म्हणाल्या, बोलायला काहीच हरकत नाही, नंतर दोन ओळी लिहून दिल्या म्हणजे झालं. तर एका दुपारी, पुण्यात डॉक्टरांचा सकाळचा दवाखाना उघडत असताना, तिघांना एकत्र जोडलं. आम्ही जेवायच्या टेबलाशी बसलो होतो. मागून पुण्यातला कोणी पेशंट खोकताना स्पष्ट ऐकू येत होता.

डॉक्टरांचं इंग्रजी जुन्या वळणाचं आणि झोकदार. त्यांनी आधी हवापाणी विचारलं. मग म्हणाले, "मॅडम, या मुलीला मी ही आईच्या पोटात होती तेव्हापासून ओळखतो. काय हवंय तुम्हाला?"

बाईंनी लग्नातली पोटदुखी विचारली.

"जिलब्या," डॉक्टर म्हणाले.

"सॉरी?" बाई म्हणाल्या.

"हा एक गोड पदार्थ आहे, मॅडम. तुपात तळतात, पाकात टाकतात. हिच्या मामेभावाच्या लग्नात मुलाकडच्या आणि मुलीकडच्या तरुण मंडळींत पैज लागली. ही मुलाकडची. ही जिंकली. रात्री मला बोलावणं आलं. मी पोट तपासलं, पित्ताशयाच्या जागी दाबलं, काही नाही. पोट मऊ. नुसतं भरलेलं. हिच्या आईचा जीव राहीना म्हणून सोनोग्राफीपण केली. माझ्याच विद्यार्थ्याकडे. पित्ताशय अगदी स्वच्छ. तो कॉम्प्युटरवाला आहे, त्याच्याकडे अजून असेल. सकाळी ही स्कूटर घेऊन शाळेत गेली."

मी बायकोकडे बघितलं. ती कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली होती.

"जिलब्यांचं मला नव्हतं सांगितलंस," मी कुजबुजलो.

"लग्नाआधी कोण सांगेल?" ती कुजबुजली.

बाई हसत होत्या हे आवाजावरून कळत होतं. त्यांनी विचारलं, त्यानंतर पुन्हा कधी अशी तक्रार? डॉक्टर म्हणाले, "त्यानंतर तशी पैजच लागली नाही." मग गंभीरपणे, नीट, त्यांनी काय तपासलं आणि काय सापडलं नाही ते पुन्हा सांगितलं. काविळीचंही विचारल्याबरोबर सांगितलं. काही लपवलं नाही. मला बघून आश्चर्य वाटत होतं की खरं सांगणं इतकं आटोपशीर असू शकतं.

इथे मला राहवलं नाही. मी फोनकडे झुकलो आणि म्हणालो, "एक गोष्ट सांगायची राहिली, गेल्या महिन्यात तिला जरा पायाला—"

टेबलाखाली मला एक लाथ बसली. ती पायाला काही झालेल्या माणसाची लाथ नव्हती.

"पायाचं काय?" बाईंनी विचारलं.

"नवीन जँडल्स लागल्या होत्या," बायको म्हणाली. "आता सवय झाली."

"हीप्स ऑफ पीपल," बाई म्हणाल्या, सगळ्यांनाच लागतात. मग कागद चाळल्यासारखा आवाज आला. "तुमची फाइल उघडलीच आहे तर हेही विचारते. इथे हृदयाची धडधड लिहिली आहे. रात्रभर झोप नाही. हे कधी आणि कशाने झालं?"

माझा चेहरा मला दिसत नव्हता, पण तो कसा झाला असेल ते कळत होतं. मग फोन स्वतःकडे ओढून बायको तिच्या शाळेतल्या स्पष्ट इंग्रजीत म्हणाली, "दुसऱ्या दिवशी मी या माणसाला पहिल्यांदा भेटणार होते. त्याने."

"अच्छा," बाई म्हणाल्या. "आणि अजूनही होतं का तसं?"

तिने माझ्याकडे बघितलं. "कधी कधी," ती म्हणाली. "पण उपचार नकोत."

पुण्याकडून डॉक्टरांचं खणखणीत हसू आलं, आणि पाठोपाठ त्या खोकणाऱ्या पेशंटचंही.

डॉक्टरांनी सुनेकडून दोन ओळी टाइप करून घेऊन पाठवल्या, सोनोग्राफीचा रिपोर्ट त्यांच्या विद्यार्थ्याने पाठवला. ते सगळं पोचायला आणि कंपनीचं ठरायला काही दिवस लागले, आणि ते दिवस आम्ही मऊ भात आणि उकडलेला भोपळा खाऊन काढले. तिकिटांच्या साइटवर मी रोज बघायचो आणि रोज बंद करायचो. बॅग कपाटावरून खाली काढायची हिंमत दोघांतल्या कोणाचीच होत नव्हती.

फोन आला तेव्हा मी कारखान्यात एका यंत्राखाली आडवा होतो. तिचा आवाज ऐकू येत नव्हता, नुसता आरडाओरडा ऐकू येत होता. पोटावरची फुली काढली होती. ऑपरेशन मंजूर झालं होतं. हृदयपण परत मिळालं होतं. पाठ आणि गुडघा मात्र त्यांनी ठेवून घेतले.

"जायचं नाही!" ती म्हणत होती. "ऐकू आलं का? मला कुठ्ठे जायचं नाही!"

मी यंत्राखालून बाहेर आलो. तोंडाला ग्रीस लागलं होतं. सामोआचा एक धिप्पाड सहकारी माझ्याबरोबर काम करतो, त्याने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, बायकोचं ऑपरेशन होणार आहे. आणि इतका हसत होतो की तो गोंधळला. मग त्याला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे जिलब्या वगळून. त्या तिच्या होत्या.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी मी तिला घरी आणलं. गाडी इतकी हळू चालवली की मागच्याने हॉर्न वाजवला. इथे हॉर्न फारसा कोणी वाजवत नाही, म्हणजे मी किती हळू चालवत असेन.

घरी मित्राची बायको खिचडी ठेवून गेली होती. संध्याकाळी काका बघायला आले. बिछान्याशेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी तिला कळा कमी आहेत ना, चालतेस ना, विचारलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याने जरा कमी बोलायचं ठरवलंय का नाही?"

"ठरवलंय. पण जमत नाही," ती म्हणाली. "काका, हसवू नका, टाके दुखतात."

"मग मी पॉलिसीच्या गोष्टी सांगतो. त्याने कोणी हसत नाही."

काका गेल्यावर तिने उशा पाठीशी लावून घेतल्या आणि मला पेपर तपासतानाची एक जुनी गोष्ट सांगायला लागली, कुठल्याशा मुलाने उत्तरपत्रिकेत प्रयोगाच्या जागी आईला पत्र लिहिलं होतं त्याची. बऱ्याच दिवसांनी ती अशी सांगत होती, मधेच थांबत, हात हलवत. मी चहा घेऊन ऐकत होतो. गोष्ट रंगात आली आणि फोन वाजला. सासूबाई.

त्यांनी तब्येत विचारली, काय खाल्लंस विचारलं, दिवसातून चार वेळा गरम पाणी पी म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "आता बरी झालीस की कधी येतेस? थोडे दिवस तरी ये."

मी कप खाली ठेवला. बायको छताकडे बघत होती.

"येऊ की," ती म्हणाली. "अर्ज एकदा जाऊ दे, मग दिवाळीच्या सुमाराला बघतो. दोघं येऊ. दोघंच परत जाऊ."

पलीकडे सासूबाईंना ते पटायला दोन क्षण लागले. मग त्यांचा आवाज एकदम कामाला लागल्यासारखा झाला.

"जावई येणार म्हणजे आतली खोली रिकामी करायला हवी. त्यांना विचार, गादी कडक लागते की मऊ?"

तिने फोनवर हात ठेवून मला विचारलं.

"कशीही चालेल," मी म्हणालो. "त्यांना त्रास नको."

"खरं सांग."

"कडक."